अण्णा तर किनाऱ्यावरचे, मग हे डाग कुठले?

वाचकांचे प्रश्न : छाती आणि श्वास

प्रश्न : डॉक्टर, सादर नमस्कार. माझे सासरे (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) मूळचे मालवणकडचे. १९६८ साली, अठराव्या वर्षी नौदलात स्टोकर (बॉयलर सांभाळणारा) म्हणून लागले. लोणावळ्याला ‘शिवाजी’त ट्रेनिंग झालं. सुरुवातीचा थोडा काळ जहाजावर गेला, बाकी सगळी नोकरी मुंबईतच किनाऱ्यावर, बॉयलर हाऊस आणि वर्कशॉपमध्ये. १९८३ साली पेन्शन घेऊन बाहेर पडले आणि पुढे एका बँकेत गार्ड होते. सिगरेट कँटीनमध्ये स्वस्त मिळायची म्हणून लागली, ती नव्वदच्या सुमारास सुटली.

गेल्या दिवाळीपासून स्टेशनचा पूल चढताना त्यांना धाप लागते. कोरडा खोकला आहे. आधी दमा म्हणून पंप दिला, काही फरक पडला नाही. एक्स-रेमध्ये दोन्ही बाजूंना पांढरे डाग दिसले, तेव्हा एका डॉक्टरांनी जुना टीबी म्हणून औषधं सुरू करायला सांगितली. दुसऱ्यांनी सीटी स्कॅन करून घेतला. त्या रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध आला होता का ते पाहावं, असं लिहिलंय. अण्णा म्हणतात, “ते बोटीवरच्यांचं दुखणं. मी किनाऱ्यावरचा माणूस.” त्यांना खरंच हा आजार असू शकतो का? कॅन्सर होईल का? त्यांची डांगरी (कामाचे जाड कपडे) सासूबाई हातानं धुवायच्या, त्यांनाही तपासायला हवं का? आणि नौदलाकडे काही मागता येतं का? घरात कोणाला काही सुचत नाहीये.
— एक वाचक, विक्रोळी

उत्तर : सगळ्यात आधी टीबीच्या औषधांबद्दल. सुरू केली नसतील तर नुसत्या एक्स-रेवरून सुरू करू नका. थुंकी तपासा. सीबीनॅट ही तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते. जंतू सापडले तर औषधं घ्यायचीच, त्यात वाद नाही. पण आपल्याकडे छातीत डाग दिसला की टीबी आणि छातीत पाणी झालं की टीबी, हा ठोकताळा इतका पक्का बसलाय की दुसरं काही असू शकतं हे सुचतच नाही. माझ्याकडे एक निवृत्त फिटर आले होते. छातीत उजव्या बाजूला पाणी झालेलं. एका रुग्णालयात त्यांना सहा महिने टीबीची औषधं दिली होती. पाणी काढलं की पुन्हा भरायचं, वजन उतरत चाललेलं, आणि बायोप्सी कोणी केलेली नव्हती. केली तेव्हा मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, निघाला. त्यांच्या केसपेपरवर ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘निवृत्त’ एवढंच लिहिलं होतं. त्या माणसानं आयुष्यभर काय काम केलं, हे सहा महिन्यांत त्यांना कोणीही विचारलं नव्हतं. या गोष्टीचा मला आजही राग येतो.

आता अण्णांचे डाग. तुम्ही रिपोर्टची प्रत पाठवलीत ते बरं केलंत. डाग दोन्ही बाजूंना आहेत. फुफ्फुसाच्या बाहेरच्या आवरणावर, बरगड्यांच्या आतल्या अंगाला आणि छाती-पोटामधल्या पडद्याच्या घुमटावर आहेत, आणि त्यांत कॅल्शियम बसलंय. वरची टोकं मोकळी आहेत. जुना टीबी सहसा असा दिसत नाही. तो बहुधा वरच्या भागात खुणा ठेवतो, आणि आवरणाला धरला तर बहुतेक वेळा एकाच बाजूला. अण्णांसारख्या चित्राला प्ल्युरल प्लाक म्हणतात, आणि असे प्लाक दोन्ही बाजूंना दिसले की पहिला संशय अ‍ॅस्बेस्टॉसचाच घ्यायचा असतो. शिवाय फुफ्फुसांच्या तळाशी बारीक जाळी दिसते, असंही रिपोर्ट म्हणतो. म्हणजे प्रश्न डागांपुरता नाही. धाप बहुधा त्या जाळीमुळे लागत असावी. तिचं नाव अ‍ॅस्बेस्टोसिस.

आणि “मी किनाऱ्यावरचा माणूस” याबद्दल. अण्णांना माझा नमस्कार सांगा, आणि हे त्यांना वाचून दाखवा.

अण्णा, बॉयलर किनाऱ्यावर असो की बोटीत, वाफेचा पाइप गुंडाळायला त्या काळी माल तोच होता : अ‍ॅस्बेस्टॉस, उष्णता अडवणारं तंतूंचं खनिज. त्या फिटरकाकांनी मला सगळं नीट समजावून सांगितलं होतं. लॅगिंगची, म्हणजे पाइपवरच्या त्या थराची, पावडर बादलीत पाण्यात कालवायची आणि गरम पाइपवर हातानं थापायची. सुकली की वरून कापड ओढून शिवायचं, रंग मारायचा. कुठे गळती लागली की तेच लॅगिंग हातोडीनं फोडायचं, आणि फोडताना ते कोरडं असायचं. खाली पडलेला चुरा झाडूनं लोटायचा. फ्लँज, म्हणजे पाइपांचा जोड, उघडली की चिकटून बसलेलं जुनं गॅस्केट स्क्रेपरनं खरवडायचं, तार-ब्रशनं घासायचं. नवीन गॅस्केट सीएएफ शीटमधून कापायचं. त्या नावातला मधला ‘ए’ अ‍ॅस्बेस्टॉसचाच. व्हॉल्व्हच्या ग्लँडमधलं पॅकिंग, बॉयलरच्या दाराची दोरी, वेल्डरच्या खालची चादर, आग विझवणाऱ्यांचे हातमोजे, सगळ्यांत तेच. “पापण्या पांढऱ्या व्हायच्या, आम्ही एकमेकांना हसायचो,” असं काका म्हणाले होते. अण्णा, यातलं तुम्ही काय काय केलंत ते सुनेला सांगा.

किनाऱ्यावरचा माणूस सुटला असं समजायला काही आधार नाही. १९६० च्या दशकात ब्रिटिश नौदलातले एक डॉक्टर, पीटर हॅरीस, यांनी इंग्लंडमधल्या डेव्हनपोर्ट गोदीतल्या कामगारांची पाहणी केली. आजार लॅगिंग करणाऱ्यांपुरता राहिलेला नव्हता. त्यांच्या शेजारी उभं राहून दुसरंच काम करणाऱ्या कारागिरांतही तो सापडला, कारण धूळ कोणाचं काम कोणतं ते बघत नाही. आपलं नौदल त्या काळी बरंचसं ब्रिटिश घडणीचं होतं. ‘दिल्ली’, ‘मैसूर’ आणि जुनी ‘विक्रांत’ तिकडूनच आलेल्या. माझगाव गोदीत बांधलेल्या ‘निलगिरी’ वर्गाच्या फ्रिगेट, ज्यांतली पहिली १९७२ साली दाखल झाली, त्याही वाफेवर चालणाऱ्या आणि ब्रिटिश आराखड्याच्या. या बोटी रिफिटला, म्हणजे मोठ्या दुरुस्तीला, लागल्या की किनाऱ्यावरची माणसं मदतीला जायची. अण्णा गेले होते का, हे जरूर विचारा. रिफिट म्हणजे जुनं लॅगिंग काढणं, आणि सगळ्यात जास्त धूळ त्याच वेळी उडते.

तेव्हा काही झालं नाही आणि आज, चाळीस वर्षांनी का, हे तुमच्या मनात असणार. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक असतात आणि उभे चिरत जाऊन आणखी बारीक होतात. श्वासाबरोबर थेट शेवटच्या फुग्यांपर्यंत पोचतात. तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी त्यांना गिळायला जातात, पण लांब तंतू पेशीत मावत नाही. पेशी मरते, तिच्यातली रसायनं बाहेर सांडतात, सूज येते, व्रण होतो. तंतू तसाच राहतो आणि पुढची पेशी येते. हे वर्षानुवर्षं चालू राहतं. अ‍ॅस्बेस्टोसिस दिसायला बहुधा वीस वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. मेसोथेलिओमाला तीस-चाळीस, कधी पन्नासही. म्हणून अण्णा १९८३ साली बाहेर पडताना मेडिकल बोर्डात ठणठणीत ठरले, यात नवल काहीच नाही.

कॅन्सरचं सरळ सांगते. प्लाक म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि प्लाकचा पुढे कॅन्सर होत नाही. धूळ आत गेली होती, एवढीच ती खूण आहे. पण ज्याच्या छातीत धूळ गेली त्याला फुफ्फुसाच्या कॅन्सरचा आणि मेसोथेलिओमाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हेही लपवण्यात अर्थ नाही. मेसोथेलिओमा तरीही दुर्मीळ आहे. धूळ खाल्लेल्या बहुतेकांना तो होत नाही. फुफ्फुसाच्या कॅन्सरचा हिशेब सिगरेटशी जोडलेला आहे. अमेरिकेतल्या लॅगिंग कामगारांवरचा १९७९ सालचा अभ्यास गाजलेला आहे. सिगरेटही नाही आणि अ‍ॅस्बेस्टॉसही नाही अशा माणसाच्या तुलनेत, फुफ्फुसाच्या कॅन्सरनं मरण्याचा धोका नुसत्या अ‍ॅस्बेस्टॉसनं सुमारे पाचपट होता, नुसत्या सिगरेटनं सुमारे अकरापट आणि दोन्ही असतील तर पन्नासपटीहून जास्त. अण्णांनी नव्वद साली सिगरेट सोडली, ते स्वतःसाठी करता येण्यासारखं सगळ्यात मोठं काम होतं. त्यांच्याबरोबरचे जे मित्र अजून ओढतात त्यांनाही हा हिशेब वाचायला द्या.

पुढे काय करायचं? फुंकण्याची चाचणी आणि तिच्यासोबत डीएलसीओ, म्हणजे फुफ्फुसातून रक्तात वायू किती उतरतो ते मोजणारी चाचणी, करून घ्या. दम्यात नळ्या आवळतात म्हणून पंपानं बरं वाटतं. इथे फुफ्फुसच आक्रसून कडक होतं, म्हणून पंपाचा उपयोग झाला नाही. पाठीला खाली, तळाशी स्टेथोस्कोप लावला की खोल श्वासाच्या शेवटी बारीक करकर ऐकू येते. तुमच्या डॉक्टरांना तिथे मुद्दाम ऐकायला सांगा. बोटांची नखं फुगीर झालीत का तेही बघा. चालताना ऑक्सिजन किती उतरतो, ते सहा मिनिटं चालवून मोजतात. जाळी पुसून टाकणारं औषध नाही. ती वाढत जात असेल तर तिचा वेग कमी करणारी औषधं आहेत, पण ती महाग आहेत, त्यांनी पोट बिघडतं, आणि सगळ्यांना लागतही नाहीत. चाचणी पुन्हा करून उतार दिसतोय का हे पाहिल्याशिवाय त्यांची घाई करू नका. फ्लू आणि न्यूमोनियाची लस मात्र या महिन्यातच टोचून घ्या. श्वासाचे व्यायाम आणि रोजचं चालणं चालू ठेवा. धाप लागते म्हणून घरचे माणसाला खुर्चीतून उठू देत नाहीत. त्यानं पायांतली ताकद जाते आणि धाप आणखी वाढते.

एका बाजूला छातीत सतत दुखू लागलं, पाणी झालं, थुंकीतून रक्त आलं किंवा वजन उतरू लागलं, तर वाट पाहू नका. पाणी काढलं तर ते तपासायला पाठवाच, आणि त्यातून निदान झालं नाही तर आवरणाची बायोप्सी मागा. परळला टाटामध्ये हे सगळं होतं. तिथे पहिल्याच दिवशी अण्णांच्या जुन्या कामाचा कागद पुढे करा.

सासूबाईंबद्दल तुम्ही विचारलंत, त्याबद्दल तुमचं कौतुक वाटतं. हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. १९६५ साली लंडनमध्ये मेसोथेलिओमाच्या रुग्णांचा जो अभ्यास झाला, त्यात नवऱ्याचे कामाचे कपडे घरी धुणाऱ्या बायका होत्या. स्वतः कारखान्याची पायरीही न चढलेल्या. डांगरी आधी झटकायची, मग भिजवायची, अशीच आपल्याकडे पद्धत. झटकताना धूळ नाकात जाणार. सासूबाईंना काही त्रास नसेल तर एक साधा एक्स-रे काढा आणि त्यांच्याही केसपेपरवर ही गोष्ट लिहून ठेवा. दरवर्षी सीटी करत बसू नका. त्यांना घाबरवूही नका. त्यांचा धोका अण्णांपेक्षा खूप कमी आहे.

आता हक्काचं. उपचारांचा भाग सोपा आहे. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकमधून छातीच्या तज्ज्ञाकडे रेफरल घ्या. कार्ड नसेल तर काढून घ्या. ही योजना २००३ पासून आहे, पण त्याआधी निवृत्त झालेले कितीतरी जण अजून तिच्या बाहेर आहेत.

डिसॅबिलिटी पेन्शनची वाट लांब आहे. आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेत बळावला असं ठरावं लागतं, आणि अपंगत्व किमान वीस टक्के धरलं जावं लागतं. निवृत्तीनंतर उघड झालेल्या आजाराचा दावा करण्याची तरतूद आहे, पण तिला वर्षांची मर्यादा आहे. आणि मी वर सांगितलं, हा आजार ती मर्यादा केव्हाच ओलांडून मग डोकं वर काढतो. नियम करणाऱ्यांसमोर गोळी लागलेला, पाय मोडलेला, सेवेतच आजारी पडलेला सैनिक होता. चाळीस वर्षं छातीत दबा धरून बसणारी धूळ त्यांच्यासमोर नव्हती. माझ्या मते हा अन्याय आहे आणि तो दुरुस्त करायलाच हवा. ब्रिटननं २०१६ पासून मेसोथेलिओमा झालेल्या आपल्या निवृत्त सैनिकांना १ लाख ४० हजार पौंड एकरकमी घेण्याचा पर्याय दिला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांना सांगितलं की कामगाराच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून चाळीस वर्षं किंवा काम सुटल्यापासून पंधरा वर्षं, यांतली जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत ठेवा. आजार उशिरा येतो हे न्यायालयाला तीस वर्षांपूर्वी पटलं होतं. वर्दीतल्या माणसाला मात्र कामगार भरपाईचा कायदा लागूच होत नाही. सशस्त्र दलांतले लोक त्यातून वगळलेले आहेत. गोदीतल्या नागरी कामगारांची गोष्ट वेगळी, त्यांचे नियमही वेगळे.

तरीही अर्ज करा. २०१३ च्या धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नाही त्याबाबत माणूस धडधाकट होता असं मानायचं, आजाराचा सेवेशी संबंध नाही हे सिद्ध करण्याचं ओझं त्याच्यावर टाकायचं नाही आणि वाजवी शंका असेल तर तिचा फायदा त्याला द्यायचा. अण्णांची केस हुबेहूब तशी नाही, पण हे तत्त्व अर्जात जरूर मांडा. मानखुर्दला चीता कँपमध्ये ब्यूरो ऑफ सेलर्स, म्हणजे नौसैनिकांच्या नोंदी ठेवणारं कार्यालय, आहे. अण्णांच्या नेमणुकांची यादी आणि सुटतानाच्या मेडिकल बोर्डाची प्रत तिथे मागा. नाही मिळाली तर माहिती अधिकारात मागा. अर्ज लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करतं. नकार आला तर तो लेखी घ्या, कारण सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाताना तोच कागद लागतो. न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईतच आहे. पेन्शन मिळवून देतो म्हणून आधीच पैसे मागणारे लोक भेटतील. त्यांना दारातूनच परत पाठवा.

पण या सगळ्याच्या आधी, या रविवारी, अण्णांजवळ वही घेऊन बसा. कोणत्या साली कुठे, कोणत्या बॉयलरवर, लॅगिंग कोण काढायचं, तोंडाला काही बांधायचे का, रुमाल की तेही नाही, रिफिटला कोणत्या बोटीवर गेले, बरोबर कोण कोण होतं. एका बैठकीत सगळं आठवणार नाही. जुना ग्रुप फोटो असेल तर तो समोर ठेवा, फोटोत माणूस दिसला की त्याच्याबरोबर केलेलं काम आठवतं. बरोबरीच्यांपैकी जे हयात आहेत त्यांना फोन लावा, आणि दोघांनी-तिघांनी एकत्र काम केल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. ही माणसं आता पंचाहत्तरीच्या पुढची आहेत. त्या बॉयलर हाऊसमध्ये काय होतं हे सांगणारी कागदपत्रं मिळतील न मिळतील, पण आज हे डोळ्यांनी पाहिलेले साक्षीदार आहेत. वहीची एक प्रत डॉक्टरांच्या फायलीत लावा. निदानाला ती सीटी स्कॅनइतकीच लागते, आणि दाव्याला तर त्याहून जास्त.

प्रश्न : माझे वडील लष्करात होते. जुन्या बराकीचे सिमेंटचे पत्रे लिलावात निघाले, तेव्हा त्यांनी ते घेऊन गावी गोठ्यावर घातले. आता गोठा पाडून तिथे खोली काढायची आहे. पत्रे फोडून पायात भर म्हणून टाकावेत असं गवंडी म्हणतो. चालेल का?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : नाही. ते फोडू नका. तशा जुन्या पत्र्यांत सिमेंटबरोबर अ‍ॅस्बेस्टॉस असतं असंच धरून चाला. पत्रा अखंड आहे तोवर तंतू सिमेंटात धरलेले असतात. फोडलं, कापलं, भोक पाडलं, कोरडं घासलं की ते मोकळे होतात. पावसाळ्यात किंवा पाणी मारून, पत्रे ओले असताना नट सोडवून अख्खे खाली उतरवा, फेकू नका. उतरवणाऱ्या माणसांना चांगल्या प्रतीचे मास्क द्या. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा कापडी मास्क इथे कामाचा नाही. पडलेले तुकडे ओले करून जाड प्लॅस्टिकमध्ये बांधा. झाडू फिरवू नका, ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकंही त्याच पिशवीत टाका. पोरांना त्या दिवशी शेजारी पाठवा. गवंडी ऐकत नसेल तर गवंडी बदला.